प्रोस्टेटचे दुखणे फक्त आजोबांचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पानावर प्रोस्टेटचा लेख वाचला. चित्र पांढऱ्या केसांच्या आजोबांचे होते. माझे वय ४१. पेठ रोडच्या मार्केट यार्डातून रात्री कोथिंबीर भरून वाशीला टेम्पो नेतो.

लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा घरात ‘उन्हाळी लागली’ एवढेच सांगितले. बायकोने धन्याचे पाणी दिले (घरात कोथिंबिरीवाला असून धने विकतचे!). मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. बरे वाटले, सोडल्या. पंधरा दिवसांनी, आषाढातल्या पावसात, इगतपुरीला मागच्या चाकापाशी उभा राहिलो तर थेंब थेंब, आणि आग अशी की ताडपत्रीची दोरी मुठीत आवळून धरली. सीटवर बसतो नेमक्या त्या जागी ठणका. अंगात हुडहुडी.

डॉक्टरांनी आधी लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवले, मग इंजेक्शन सुरू केले. प्रोस्टेटला जंतूंनी सूज आली होती. अक्रोडाएवढी ती पुरुषांची ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली; तिच्यात औषध सहज शिरत नाही, म्हणून गोळ्या चार आठवडे. माझ्या तीन दिवसांत जंतू नुसते दबले होते.

ताप गेला, बसताना दुखणे मात्र राहिले. मीच गोळ्या वाढवून मागितल्या. दुसरे कल्चर स्वच्छ आले म्हणून डॉक्टरांनी नकार दिला आणि फिजिओथेरपीला धाडले. अशा जुनाट दुखण्यात बहुतेकांना जंतू सापडतच नाहीत, ओटीपोटाखालचे स्नायू अनेकदा आखडलेले असतात, हे मला तिथे कळले. आता ते सैल सोडायचे व्यायाम करतो आणि धाकटीच्या टबात कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटे बसतो. ती दाराबाहेरून टब मागत असते.

यार्डातल्या एका हमालाचा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) वाढलेला निघाला, तर त्याने जेवण सोडले. कॅन्सरच धरून बसला. सुजेनेही पीएसए वाढतो, सूज उतरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या लेखात आमच्या वयाचेही लिहा. आणि थंडी-ताप येऊन लघवी अडली तर त्याच रात्री दवाखाना गाठावा, हे ठळक छापा. मी आधी वाशीला माल उतरवला, मग नाशिकला येऊन डॉक्टरकडे गेलो. त्यावरून डॉक्टरांनी बायकोसमोर जे सुनावले, ते इथे लिहीत नाही.

आपला,
एक टेम्पोचालक, पंचवटी, नाशिक