क्रिस्टोफरसन आधी गीतकार, मग नट

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन गीतकार-गायक-नट क्रिस क्रिस्टोफरसनवरचा लेख वाचला. सगळा मजकूर सिनेमांचा, गाण्यांना शेवटी दीड ओळ. गदिमांनी सिनेमात कामं केली म्हणून त्यांची ओळख 'नट' अशी करून द्याल का?

हा टेक्सासचा माणूस, वडील हवाई दलात मोठे अधिकारी, स्वतः ऱ्होड्स स्कॉलर म्हणून (ही मानाची शिष्यवृत्ती) ऑक्सफर्डला साहित्य शिकला, मग आर्मीत हेलिकॉप्टर पायलट, कॅप्टन झाला आणि 1965 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नोकरी समोर असताना ती सोडून गाणी लिहायला नॅशव्हिलला, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या माहेरघरी गेला. तिथे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडू मारायचा, ॲशट्रे रिकाम्या करायचा, आत बॉब डिलन रेकॉर्डिंग करतोय आणि हा बाहेर फरशी पुसतोय! आईने तर संबंध तोडल्याचं पत्रच पाठवलं. पोट भरायला समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर पण उडवलं.

प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवल्याचा किस्सा तुमच्याकडे आलाय, पण हातात बिअर वगैरे कॅशने रंगवलेलं, क्रिस म्हणायचा की कॅश बहुतेक घरी नव्हताच (आणि हेलिकॉप्टरला दोन्ही हात लागतात हो).

पण त्याच कॅशने क्रिसचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' टीव्हीवर गायलं, नशेचा एक शब्द बदला असं चॅनलवाल्यांचं म्हणणं होतं, कॅशने नाही बदलला. 1970 चं कंट्री म्युझिक असोसिएशनचं सर्वोत्तम गाणं तेच. क्रिसचंच 'मी अँड बॉबी मॅगी' रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने गायलं, ते 1971 मध्ये नंबर वन झालं तेव्हा ती हयात नव्हती. क्रिसचा स्वतःचा आवाज खरखरीत, त्यामुळे त्याची गाणी लोकांना दुसऱ्यांच्या गळ्यातून जास्त माहीत. मला तर त्याचाच आवाज आवडतो, असो.

सिनेमे नंतरचे. 1976 च्या 'अ स्टार इज बॉर्न'ला गोल्डन ग्लोब मिळालं ('आशिकी 2' बघितलेल्यांना ती गोष्ट ओळखीची वाटेल), 1980 मध्ये 'हेवन्स गेट' सणकून आपटला आणि हिरोगिरी जवळपास संपली. त्यानंतर 1985 ला कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज या कंट्री गायकांबरोबर 'हायवेमेन' हा बँड जमवला तो गाण्यासाठीच ना?

सप्टेंबर 2024 मध्ये 88 व्या वर्षी क्रिस गेला. गाण्यांवर एक वेगळा लेख येऊ द्या, अर्ध्या पानाचा असला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे