न्यूअर्कमार्गे पोचले, काळजी नसावी

केरेतारो, मेक्सिको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले हे फोनवर सांगितलंच आहे. पण आईच्या आवाजावरून कळलं की तुमचा अजून विश्वास बसलेला नाही, म्हणून हे पत्र. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यांना कागद बरा. दादा छापून देईल.

आधी त्या बंद फोनचं सांगते. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर मला ‘आत नेलं’ एवढंच धरून तुम्ही दोघं दुपारभर जेवणाशिवाय बसून राहिलात, असं वहिनी म्हणाली. आई, मला कुणी पकडून नेलं नव्हतं गं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला, उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली, मग अंगठा, मग फोटो. नोकरी मेक्सिकोत, पासपोर्ट भारताचा, व्हिसा अमेरिकेचा आणि पुढचं तिकीट मेक्सिको सिटीचं, एवढं सगळं एकत्र बघून त्याला कंपनीचं पत्र आणि माझं इथलं रहिवासी कार्ड नीट तपासायचं होतं. म्हणून शेजारच्या हॉलमध्ये बसवलं. तिथे रांगेने खुर्च्या होत्या आणि भिंतीवर फोन वापरू नये अशी पाटी. ती सगळ्यांसाठीच असते. नाव पुकारलं, दोन-तीन प्रश्न विचारले, पासपोर्ट हातात दिला. आवाज चढवून कुणीही बोललं नाही. बाबा, ‘तिकडे आपल्या लोकांचा अपमान करतात’ असं तुम्ही म्हणालात. माझ्या बाजूला एक जर्मन माणूस आणि एक ब्राझीलचं कुटुंबही बसलं होतं.

तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे, की मला अमेरिकेत राहायचंच नव्हतं, तर त्यांनी हे सगळं विचारावंच कशाला? हे मलाही सुरुवातीला अजिबात कळलं नव्हतं. बाबा, तुमची हयात एसटीत गेली, तुम्हाला पटकन समजेल. पुण्याच्या गाडीतून सांगली स्टँडवर उतरलेला माणूस कोल्हापूरच्या गाडीत बसतो, त्याला गावात शिरावं लागत नाही. दुबईचा, दोह्याचा विमानतळ असाच आहे. सुरक्षा तपासणी झाली की पुढचं विमान. अमेरिकेत तसा स्टँडच नाही. आपल्याकडे मुंबईहून परदेशी निघताना इमिग्रेशनवाला शिक्का मारतो आणि मगच पलीकडे सोडतो. अमेरिकेत बाहेर जाताना असं ठाणंच नसतं, निघणाऱ्यांची नोंद विमान कंपनीने दिलेल्या यादीवरून होते. त्यामुळे लंडनला जाणारा आणि शिकागोला जाणारा एकाच हॉलमध्ये, एकाच बाकावर. परदेशी निघालेल्या प्रवाशांना वेगळं ठेवायला जागाच नाही. मग उतरलेल्या प्रत्येकाला आधी रीतसर देशात घ्यायचं, जरी तो दोन तासांनी निघून जाणार असला तरी. 2003 च्या ऑगस्टपर्यंत काही प्रवाशांना व्हिसाशिवाय पुढच्या विमानात बसवायची सोय होती, विमान कंपनीच्या जबाबदारीवर. सुरक्षेच्या कारणावरून तीही बंद झाली.

बॅगांचंही तेच. मुंबईत बॅगेला मेक्सिको सिटीचा टॅग लावला होता, तरी न्यूअर्कला ती पट्ट्यावरून उतरवून घ्यायची, कस्टममधून ढकलत न्यायची आणि बाहेर पडताच पुन्हा विमानाच्या लोकांच्या हवाली करायची. मग आपण नव्याने सुरक्षा तपासणीला उभं राहायचं.

आई, कढीपत्ता मी ठेवून आले त्याचं तुला वाईट वाटलं, माहीत आहे. पण तिथे एक छोटा बीगल कुत्रा बॅगांमधून फिरत असतो. भुंकत नाही, नुसता हुंगतो आणि वास आला की त्या बॅगेपाशी बसतो. माझ्यापुढे साताऱ्याकडच्या एक काकू होत्या, त्यांच्या पिशवीपाशी बसला. आत कढीपत्ता आणि चार हापूस. लिंबू-संत्र्यांच्या झाडांना रोग लावणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावर असते. 2005 पासून फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा त्याच रोगाने गेल्या, म्हणून ते इतके जपतात. आणि हापूस 2007 पासून अमेरिकेत रीतसर जातो, पण लासलगावसारख्या ठिकाणी विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून. पिशवीतला चालत नाही. काकूंना इंग्रजी जमेना, म्हणून मी मध्ये पडून सांगितलं. त्यांनी ‘खाण्याचं सामान आहे’ हे आधीच कबूल केलं होतं, त्यामुळे दंड झाला नाही, फक्त ते काढून घेतलं. आंबे डब्यात टाकताना काकूंचे डोळे भरले होते. मेतकूट, गोडा मसाला, लोणचं, सगळं मी सांगून दाखवलं आणि सगळं माझ्यासोबत आलं. काल मेतकूट-भात खाल्ला. तूप इथे साधं मिळतं, चालतं.

आता महत्त्वाचं. दादाच्या ओळखीच्या एजंटने अमेरिकेमार्गे तुमचं तिकीट स्वस्त सांगितलंय. घेऊ नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, त्याचे पैसे वेगळे, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख वेगळी, आणि बाबांचा गुडघा धरून त्या रांगा नकोत. ॲमस्टरडॅममार्गे या. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असू दे, म्हणजे बॅगा थेट मेक्सिको सिटीला येतील आणि मधल्या देशात शिरावंच लागणार नाही. व्हीलचेअर दोघांसाठी तिकीट काढतानाच मागायची, आईनेसुद्धा. लाजू नकोस. मेक्सिकोच्या व्हिसाचे कागद मी पाठवते. विमानतळावर मी दारात उभी असेन.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली आणि नेमकी मी निघाल्यावर आली. रजा वाढवून मागितली होती, मिळाली नाही. 60,000 रुपये दादाच्या खात्यात टाकलेत, चांगली लेन्स घ्या, पैशाकडे बघू नका. पतपेढीचा हप्ताही मीच भरणार आहे, दादाने ओढाताण करू नये. डोळ्यात थेंब घालायचे कोण, हा विचार मात्र जात नाही. वहिनी करेल सगळं, ठाऊक आहे. तरी तिला सांगा, दर वेळी हात धुवून घालायचे आणि उशी बाबांच्या बाजूने उंच ठेवायची.

इचलकरंजीच्या स्थळाचं मी ‘नाही’ म्हटलेलं नाही. मावशीने उगाच तसं पसरवू नये. मुलगा मला बरा वाटला, पण पत्रिका जुळली म्हणून लगेच साखरपुडा ठरवू नका. माझं इथलं काम पुढच्या वर्षापर्यंत आहे आणि हे त्यांच्या घरी आधीच स्पष्ट सांगायला हवं. रविवारी तुमच्या रात्री आठला, म्हणजे इथे सकाळी साडेआठला, मी त्याच्याशी स्वतः बोलते. बाबांनी त्याच्या वडिलांना तोवर फोन करू नये. आईला घाई का आहे ते मला कळतं, मला तिच्यावर राग नाही.

पैसे जमा झाले की दादाला मेसेज करायला सांगा.

तुमची,
लेक