क्लब गावाचा आहे, कारभारही गावाने हाती घ्यावा: ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावचा फुटबॉल क्लब गेल्या मोसमात खालच्या विभागात घसरला, हे डिचोली बाजारापर्यंत पोचले आहे. शेवटच्या सामन्याला अकरा जण उभे करताना नाकी नऊ आले, हेही तिठ्यावर चघळून झाले. त्यानंतर जुन्या समितीने राजीनामा दिला आणि नवी निवड होईपर्यंत आम्हा काही जणांची तदर्थ समिती नेमली गेली. हे आवाहन त्या समितीचे आहे. पैसे लागणार आहेत, ते लपवत नाही. पण पैसे मागण्याआधी क्लब इथवर कसा आला हे सांगणे भाग आहे. नाहीतर तुम्ही दिलेले पैसेही जुन्याच वाटेने जातील.

खाण चालू होती तेव्हा क्लबाला कुणाच्या दारात जावे लागत नव्हते. मोसमाच्या तोंडावर एक पाकीट यायचे, ट्रकमालक आपापल्या परीने घालायचे आणि बूट-जर्सीपासून सामन्यानंतरच्या भाजी-पावापर्यंत सगळे त्यात सुटायचे. २०१२ साली सरकारने फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ म्हणून जाहीर केला आणि त्याच वर्षी खाणी बंद पडल्या. मध्यंतरी थोड्याफार चालल्या, पण २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पाकीट यायचे बंद झाले. तरीही क्लब केवळ पैशाअभावी बुडाला, असे आम्ही म्हणणार नाही. हे म्हणणे सोयीचे आहे एवढेच.

खरी गोष्ट अशी की पैसा आयता येत होता तोवर क्लबाला सभासदांची गरजच वाटली नाही. पैसे आणणारा, खर्च करणारा आणि संघ निवडणारा बहुतेक वेळा एकच माणूस असायचा. इतिवृत्ताची वही आम्ही कपाटातून काढली. तिच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, त्याचे एवढे वाईट वाटले नाही. आत सह्या आहेत आणि ठराव नाहीत, याचे वाटले. हे कुणाकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. त्याच माणसांनी वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातून बसभाडे भरले आहे. पण एका माणसाच्या खांद्यावरचा क्लब तो माणूस थकला की बसतो, आणि आपला बसला.

त्यात पाहुण्या खेळाडूंची पद्धत आली. सामन्यामागे पैसे मोजून बाहेरून चार-पाच जण आणायचे आणि गावातल्या पोरांनी बाकावर बसायचे. पोरेही काही खुळी नाहीत. ती इंटर-व्हिलेज स्पर्धांत दुसऱ्या गावांच्या जर्सी घालून, दोन पैसे घेऊन खेळू लागली. रविवारी तिकडे पाय मोडून घेतला की बुधवारी आपल्या लीग सामन्याला दांडी. उरलेल्यांना औषध कंपन्यांच्या शिफ्टा. शिवाय वरचा वाडा आणि खालचा वाडा. कर्णधार कुठल्या वाड्याचा यावरून ड्रेसिंग रूममध्ये जे बोलले गेले ते इथे छापण्यासारखे नाही. देवस्थानाच्या मानपानाचा वाद मैदानावर चेंडू पास न करून फेडायचा, हा आपल्या गावाचा शोध असावा.

मुलांच्या संघांची हालत याहून वाईट होती. सोळा वर्षांखालच्या संघाच्या एका सामन्यात गोलकीपरची वेगळ्या रंगाची जर्सीच नव्हती. एकुलती एक जर्सी चौदा वर्षांखालच्या संघाकडे होती आणि तो संघ दुसरीकडे खेळत होता. कुणीतरी गाडीतून निवडणुकीत वाटलेला टी-शर्ट काढून दिला. त्यावर उमेदवाराचा फोटो आणि निशाणी. रेफ्रीने हात जोडले, कारण नियमानुसार खेळाडूच्या कपड्यांवर राजकीय घोषणा किंवा चित्र चालत नाही. शेवटी पोराने तो उलटा करून घातला आणि शिवण बाहेर काढून पूर्ण सामना खेळला. चांगला खेळला, दोन गोल वाचवले. घरी गेल्यावर त्याने आईला काय सांगितले, ते तिने नंतर आमच्यातल्या एकाला ऐकवले: "त्यांना आमची गरज नाय."

क्लबाची संस्कृती वगैरे मोठे शब्द आम्ही टाळतो. पण त्या पोराला तसे वाटणार नाही असा क्लब करायचा, इतके मात्र ठरवले आहे.

गोव्यात याचा नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. धेंपो क्लबाने प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत देशाची लीग पाच वेळा जिंकली. धेंपोकडे पैसा होता, हे मान्य. पण पैसा कोलकात्याच्या क्लबांकडेही होता. धेंपोने दरवर्षी प्रशिक्षक बदलला नाही. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा अशी गोव्याच्या मातीतली पोरे वर्षानुवर्षे एकत्र ठेवली. आपली झेप तिथवर नाही, कुणी तसे स्वप्नही दाखवत नाही. पण प्रशिक्षक तीन वर्षे टिकवणे आणि गावची पोरे एकत्र ठेवणे, याला खाण लागत नाही.

तदर्थ समितीने काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. पटत नसतील तर सभेत येऊन बदला. बाहेरून पैसे देऊन खेळाडू यंदा एकही आणायचा नाही. त्यामुळे सुरुवातीला मार खावा लागेल, त्याची तयारी ठेवा. कर्णधार समिती नेमणार नाही, खेळाडूच चिठ्ठ्या टाकून निवडतील. आणि मैदानावर रेफ्रीशी फक्त कर्णधार बोलेल. २०२४ च्या युरो स्पर्धेत हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, आणि २०२५ पासून फुटबॉलच्या नियमपुस्तकानेही स्पर्धांना तशी मुभा दिली आहे. लीगने लावो न लावो, आपल्या क्लबात हा नियम लागू. मैदानाच्या कडेला उभे राहून बोंबलणाऱ्या पालकांनाही लागू. स्वतःच्या मुलाला शिव्या देऊन तो चांगला खेळल्याचे आजवर कुणी पाहिलेले नाही.

सरावाच्या वेळा शिफ्टा बघून बदलल्या आहेत: आठवड्यातून दोन दिवस पहाटे, दोन दिवस संध्याकाळी. सेकंड शिफ्टवाल्याने पहाटे यायचे. शिफ्टचे कारण नसताना चारातले दोन सराव चुकले तर पहिल्या अकरात जागा नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. सामन्यानंतर मैदानावर बाटली उघडायची नाही. हे लिहावे लागते याचीच लाज वाटते, पण लिहितो.

मुलींचेही सांगायचे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले. शाळेच्या बसमधून आपल्या गावच्या काही मुली ते बघायला गेल्या आणि परत आल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात आपल्या आपण खेळू लागल्या. आजही खेळतात. मुलगे आले की त्यांना कोपरा सोडावा लागतो. कपडे बदलायला आडोसा नाही. यंदापासून आठवड्यातले दोन दिवस अर्धे मैदान त्यांचे. त्यांच्यासोबत राहायला दोन बायका हव्यात. फुटबॉल यायलाच हवा असे नाही, वेळेवर यायला हवे.

म्हणजे आमची पहिली मागणी माणसांची आहे. हिशेब लिहिणारा एक, आणि तो तपासणारा दुसरा, दोघे वेगवेगळ्या वाड्यांतले. म्हापशाला धुळेरच्या मैदानावर किंवा इतर कुठे सामना असेल तेव्हा गाडी काढणारे. प्रथमोपचार शिकलेली एखादी नर्स असेल तर तिचे पाय धरू. क्लबासाठी पूर्वी खेळलेले आणि आता चाळिशी ओलांडलेले जे गडी तिठ्यावर बसून संघाची चिरफाड करतात, त्यांच्यापैकी दोघांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी-लायसन्स अभ्यासक्रम करायला पाठवायचे आहे. फी क्लब भरेल. अट एवढीच की परत येऊन निदान तीन वर्षे मुलांना शिकवायचे.

आता पैसे. क्लबाच्या डोक्यावर जर्सीवाल्याचे आणि बसवाल्याचे मिळून ६८ हजार रुपये देणे आहे. ते आधी फेडायचे, कारण दोघेही आपल्यातलेच आहेत आणि दोघांनीही कधी तोंड वर करून मागितले नाही. त्यानंतर मुलांसाठी चेंडू, दोन गोलजाळ्या, प्रत्येक संघाला गोलकीपरची स्वतंत्र जर्सी आणि मुलींसाठी चिऱ्यांच्या दोन भिंतींचा आडोसा. रेषा आखायला आजवर आपण चुना वापरला. ओल्या मैदानावर त्या चुन्याने पोरांचे गुडघे भाजतात, डोळ्यात गेला तर आणखी धोका. त्याऐवजी मैदानाचा रंग आणायचा आहे. थोडा महाग पडतो, पण तो आम्ही चैनीत धरत नाही.

यासाठी घरटी महिन्याला १०० रुपये मागतो आहोत. एकदम मोठी देणगी देणाऱ्याला नको म्हणणार नाही, पण दोनशे घरांनी शंभर-शंभर दिलेले आम्हाला अधिक हवे आहेत. शंभर देणारा सभेला येऊन विचारतो, "माझ्या शंभराचे काय केले?" हे विचारणारेच आजवर नव्हते. राजकारण्यांनी गावकरी म्हणून जरूर द्यावे, पावती मिळेल, जर्सीवर फोटो मिळणार नाही. परदेशी आणि बोटीवर असलेल्या आपल्या मुलांनी एका संघाचा वर्षाचा प्रवासखर्च उचलला तर मोठा भार हलका होईल.

सोडतीची कुपने यंदा छापणार नाही. मागच्या सोडतीतल्या मोटारसायकलचे काय झाले, हे आम्हाला अजून रस्त्यात अडवून विचारतात. त्याऐवजी जत्रेला क्लबातर्फे मराठी नाटक करू. आपल्या गावात नटांना तोटा नाही, गोल झाल्याशिवायही मैदानावर लोळणारे दोघे-तिघे तर तयारच आहेत. चवथीनंतर क्लबासाठी फळांची पावणी म्हणजे लिलाव करण्याबाबतही बोलणी चालू आहेत.

प्रत्येक रुपयाची छापील पावती मिळेल. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या लागतील आणि महिन्याचा जमाखर्च क्लबाच्या खोलीबाहेर फळ्यावर लागेल. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०-जी मान्यता क्लबाला मिळालेली नाही, तेव्हा कुणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नका. मोबाइलवरून पैसे भरायचा कोड फक्त क्लबाच्या खोलीत लावला आहे. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या कोडवर पाठवू नका.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सायंकाळी ४ वाजता सरकारी प्राथमिक शाळेत आहे. दरवेळी ती देवळाच्या अग्रशाळेत व्हायची. चॅपेलाकडची मुलेही आपल्या संघात आहेत, त्यांच्या आईबापांना तिथे पाहुण्यासारखे वाटू नये म्हणून जागा बदलली. कुणाचा मान कमी करायचा हेतू नाही. सभेत नवी समिती निवडायची आहे. निदान तीन जागा बायकांसाठी आणि दोन सध्या खेळणाऱ्या मुलांसाठी ठेवाव्यात, असा ठराव आम्ही मांडू. तदर्थ समितीतले कुणीही अध्यक्ष किंवा खजिनदारपदासाठी उभे राहणार नाही.

येताना एक करा. क्लबाच्या जर्सी, बूट, चेंडू, नाहीतर मागल्या वर्षी नाहीशी झालेली हवा भरायची पंप-पिशवी कुणाच्या घरी असेल तर घेऊन या. कुणी नेली होती, हे विचारले जाणार नाही.

आपली,
तदर्थ समिती