भाडेकरूही संकुलाचे रहिवासीच आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाकड, बाणेर, बालेवाडी, हिंजवडी या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेकडो सदनिकांची गृहसंकुले उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच सदनिका गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आहेत. त्यांचे मालक दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतात आणि प्रत्यक्षात तिथे राहतात ते भाडेकरू. वाकडमधल्या अशाच एका संकुलात मी कुटुंबासह भाड्याने राहते. आमच्या घरमालकांविषयी माझी काहीही तक्रार नाही. ते सज्जन आहेत आणि फोन केला की उचलतात. माझी तक्रार आहे ती संकुलाच्या कारभाराविषयी. नियम पाळायला लावताना आणि पैसे घेताना भाडेकरूला रहिवासी धरले जाते, मात्र माहिती देण्याची किंवा म्हणणे ऐकून घेण्याची वेळ आली की तो परका ठरतो. हा प्रश्न हजारो कुटुंबांचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तेव्हापासून इथल्या मोठ्या संकुलांत पाण्याचे वेळापत्रक ही घर चालवणाऱ्या प्रत्येकाची रोजची गरज झाली आहे. टँकर किती आले, कोणत्या इमारतीला किती वाजता पाणी सोडणार, वरची टाकी कधी धुणार, हे आदल्या रात्री कळले तर माणूस भरून ठेवतो आणि सकाळची कामे त्याप्रमाणे लावतो. आमच्याकडे या सूचना फक्त मालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर येतात. भाडेकरूंना त्या गटात घेतले जात नाही. आमचे मालक परदेशात असल्यामुळे त्यांची सकाळ होते तेव्हा आमची दुपार उलटलेली असते. त्यांनी आठवणीने पुढे पाठवलेला ‘उद्या सकाळी 7 ते 11 पाणी बंद’ हा निरोप अनेकदा अकरा वाजून गेल्यावर हाती पडतो. इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेचा सूचनाफलक आहे, त्याला कुलूप आहे आणि आत एका जुन्या वार्षिक सभेची पिवळी पडलेली नोटीस आहे. त्याच फलकावर रोज एक कागद लावला तरी प्रश्न सुटेल, असे मी कार्यालयात जाऊन सांगितले. ‘मालकांना कळवले आहे, त्यांनी तुम्हाला कळवायचे’ असे उत्तर मिळाले.

या उत्तराचा खरा त्रास कोणाला होतो, हे लिफ्टच्या दुरुस्तीच्या दिवशी दिसले. माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. फिजिओथेरपी करून ते परतले, तेव्हा दोन्ही लिफ्ट देखभालीसाठी बंद होत्या आणि आमचे घर नवव्या मजल्यावर आहे. बंदची सूचना मालकांच्या गटावर दोन दिवस आधी आली होती. ती आम्हाला मिळाली असती तर आम्ही दवाखान्याची वेळ बदलून घेतली असती. सुरक्षारक्षकाने स्वतःची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि ते दुपारभर प्रवेशद्वाराजवळच्या त्या खोलीत बसून राहिले. त्या रक्षकाचे मी मनापासून आभार मानते. त्याने दाखवलेली आस्था हा कारभाराचा भाग असायला हवा होता, ती एका माणसाच्या चांगुलपणावर सोडून देण्यासारखी बाब नाही.

आता पैशांविषयी. भाडेकरू संकुलात शिरतो त्या दिवसापासून त्याच्याकडून वेगवेगळ्या नावांनी रक्कम मागितली जाते. आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. फ्रिज उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवावा लागला होता, हमाल पुढच्या फेऱ्याची घाई करत होते आणि कार्यालयातून ना-हरकत पत्र आल्याशिवाय टेम्पो आत सोडता येणार नाही असे सांगितले जात होते. त्यासाठी सामान हलवण्याचे शुल्क आधी भरायचे होते, तेही परत न मिळणारे. लिफ्टला किंवा भिंतींना इजा झाली तर भरपाई घेण्यासाठी काही रक्कम अनामत ठेवून घ्यावी, सामान लावून झाल्यावर पाहणी करून ती परत द्यावी, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परत न मिळणारे शुल्क कशाबद्दल घेतले, हे मात्र पावतीवरही लिहिलेले नव्हते. दरवर्षी करार नव्याने झाला की ना-हरकत पत्र नव्याने घ्यावे लागते, त्याचे पैसे पुन्हा वेगळे.

वास्तविक, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभारासाठी नमुना म्हणून दिलेल्या नियमांनुसार, सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही. संस्थेला आधी लेखी कळवायचे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करायची, इतकेच अपेक्षित आहे. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेतले जाते, त्यावरही राज्य शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खाली 1 ऑगस्ट 2001 रोजी मर्यादा घातली. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश वैध ठरवला. म्हणजे एखाद्या सदनिकेचे सेवाशुल्क दरमहा 3,000 रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क 300 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. तरीही भाड्याच्या सदनिकांना सरसकट दीडपट किंवा दुप्पट मेंटेनन्स लावणारी संकुले आहेत. ही रक्कम कागदोपत्री मालकाच्या नावावर निघते आणि भाड्यात मिसळून आमच्याकडूनच वसूल होते. मी हिशेबखात्यात नोकरी करते. कोणत्या रकमेला कोणता आधार आहे हे विचारण्याची सवय अंगात मुरलेली आहे. त्यामुळे मी तसे पत्र दिले. ‘तुम्ही सभासद नाही, तुम्हाला उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक नाही’ असे मला तोंडी सांगण्यात आले.

इथे आणखी एक गुंतागुंत आहे आणि ती फारशी चर्चेत येत नाही. पुण्यातली अनेक संकुले सहकारी संस्था म्हणून नोंदलेली नाहीत. ती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खालच्या संघटना आहेत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, फाटकावर दोन्हींना ‘सोसायटी’ म्हणतात, पण सहकार कायद्याखाली दिलेला 10 टक्क्यांचा आदेश अपार्टमेंट संघटनेला आपोआप लागू होत नाही. आपण यांपैकी कोणत्या व्यवस्थेत राहतो आहोत, हे घर घेताना भाडेकरूला एजंटही सांगत नाही आणि कार्यालयही सांगत नाही. करार होण्याआधी संकुलाचे नियम आणि सर्व शुल्कांचा लेखी तक्ता हातात पडला, तर निदान माहीत असून निर्णय घेता येईल.

भाडेकरूंची ओळख पक्की नसते, म्हणून अंतर ठेवावे लागते, असे काही पदाधिकारी सांगतात. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, मग तो अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही आधार क्रमांक देतो, अंगठ्याचे ठसे देतो, छायाचित्र देतो, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क बहुतेक वेळा आम्हीच भरतो, पोलिसांकडे आमची माहिती जाते, आणि या सगळ्याच्या प्रती संकुलाच्या कार्यालयातही असतात. एवढ्या कागदपत्रांनी ओळख पटलेला माणूस रोज येता-जाता भेटत असताना त्याला अनोळखी म्हणणे योग्य नाही.

भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना वास्तूविषयी आपलेपणा नसतो, हाही आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कचरा न वेगळा करणारे, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणारे, रात्री उशिरापर्यंत गोंगाट करणारे भाडेकरू मीही पाहिले आहेत. तसे वागणारे मालकही पाहिले आहेत. कार्यकारिणीतले लोक स्वतःची नोकरी सांभाळून विनावेतन हे काम करतात, पाण्याच्या टँकरसाठी पहाटे फोन करतात, याची मला जाणीव आहे. पण आपलेपणा यायला काही तरी सहभाग लागतो. आमच्या मजल्यावरच्या एका भाडेकरू काकांनी ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पासाठी दर रविवारी वेळ देण्याची तयारी दाखवली होती. समितीत फक्त मालक असतील, असे सांगून त्यांना नकार देण्यात आला. ते गृहस्थ निवृत्त कृषी अधिकारी आहेत. तो प्रकल्प आज बंद आहे आणि त्याची यंत्रे पावसात गंजत आहेत.

अविवाहित मुला-मुलींची स्थिती याहून बिकट आहे. ‘फक्त फॅमिली’ या अटीमुळे हिंजवडीत नोकरीला आलेल्या, लातूर-नांदेडकडच्या, विदर्भातल्या कितीतरी तरुणांना चांगले वागूनही घर मिळत नाही आणि मिळाले तर पाहुण्यांच्या नोंदीपासून क्लब हाउसच्या वापरापर्यंत वेगळे नियम सोसावे लागतात. वर्तन वाईट असेल तर कारवाई जरूर व्हावी, पण ती वर्तनावर व्हावी, वैवाहिक स्थितीवर नव्हे. यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, म्हणून इथे थांबते.

भाडेकरूंना मतदानाचा हक्क द्यावा, अशी माझी मागणी नाही. मालमत्ता ज्याची, मत त्याचे, हे मला मान्य आहे. आदर्श उपविधींमध्ये भाडेकरूला नाममात्र सभासद करून घेण्याची सोय आहे, त्यालाही मताचा अधिकार नसतो. तरी संस्थेच्या दप्तरी त्याचे नाव येते. ही तरतूद वापरली जावी. पाणी, वीज, लिफ्ट, अग्निसुरक्षा आणि पार्किंग यांविषयीची प्रत्येक सूचना मालक आणि भाडेकरू असा भेद न करता राहत्या कुटुंबाला थेट मिळावी. लेखी तक्रारीला, ती भाडेकरूची असली तरी, ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. घेतलेल्या प्रत्येक रकमेच्या पावतीवर ती कोणत्या ठरावाने किंवा उपविधीने घेतली याचा उल्लेख असावा. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या गृहनिर्माण संस्थांना बिनभोगवटा शुल्काच्या मर्यादेची आणि ना-हरकत पत्राविषयीच्या तरतुदीची लेखी आठवण करून द्यावी, आणि अपार्टमेंट संघटनांसाठीही शासनाने तशीच मर्यादा ठरवावी, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करते. उन्हाळ्यात टँकरची मागणी वाढण्यापूर्वी निदान पाण्याच्या सूचनांपुरता तरी बदल आमच्यासारख्या सर्व संकुलांनी करावा.

आपली विश्वासू,
एक भाडेकरू, वाकड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)