माळावर खड्डे नकोत, गवत राखा: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: माळरानांवरील वृक्षलागवड आणि उन्हाळ्यातील खोदकाम थांबवण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी मार्च उजाडला की आमच्या भागातल्या माळांवर खड्डे पडू लागतात. पावसाळ्यात रोपे लावायची म्हणून आधी खड्डे, आणि कुठे कुठे यंत्र लावून सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खंदक. कामाच्या दृष्टीने हंगाम सोयीचाच आहे. रब्बी निघालेली असते, मजूर मिळतात, जमीन कोरडी असते. पण माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचा हंगामही हाच आहे, आणि त्यांची घरटी झाडावर नसतात, जमिनीवर असतात. मार्च ते जून या काळात माळांवर खोदकाम करू नये आणि जिथे मुळात गवत आहे तिथे झाडे लावू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी इंदापूर तालुक्यात राहते. गेली अनेक वर्षे सुट्टीच्या दिवशी पहाटे दुर्बीण, वही आणि पाण्याची बाटली घेऊन इंदापूर, बारामती, दौंडच्या माळांवर फिरते. पुण्याहून येणारे पक्षीनिरीक्षक आमच्या अंगणावरून जातात ते भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला. रोहित पाहावेतच, ते सुंदर आहेत. पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो उघडा, तांबूस-पिवळा माळ लागतो, तिथे सहसा कोणी गाडी थांबवत नाही, आणि सरकारी आराखड्यातही तो रिकामी जागा म्हणूनच येतो.

त्या रिकाम्या जागेत एप्रिलमध्ये काय असते ते सांगते. माळटिटवी उघड्या मुरमावर, चार खड्यांच्या मधे अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळपट ठिपके. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात दगड हाताला चटका देतो तेव्हा ही टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. पखुर्डीचा नर पिलांसाठी पाणी वाहून आणतो. डबक्यात पोट बुडवून बसतो, पोटाच्या पिसांत पाणी धरून घेतो, लांबवर उडत परत येतो, आणि पिले ती पिसे चोखून तहान भागवतात. धाविक तर घरटे असे काही करतच नाही. त्याची पिले अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात पळू लागतात आणि धोका दिसला की जमिनीला चिकटून बसतात. माणूस जवळ आला तरी हलत नाहीत. याच सवयीने ती कोल्ह्यापासून आणि घारीपासून वाचतात, पण जेसीबीपासून वाचत नाहीत. डोंबारी आणि मुरारी हे चंडोल गवताच्या बुंध्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढे घरटे करतात. चर खणणाऱ्या मजुराला यातले काहीही दिसत नाही, आणि त्याचा त्यात दोषही नाही. त्याला तिथे त्या महिन्यात पाठवणारा आराखडा चुकीचा आहे.

मी नेहमी जात असे त्या एका उतारावर धाविकांची आणि पखुर्ड्यांची वीण होत असे, आणि चढावर खोकडाचे, म्हणजे लहान कोल्ह्याचे, बीळ होते. एका उन्हाळ्यात तिथे यंत्र आले. बीळ चराच्या मातीखाली गेले. पावसाळ्यात रोपे लागली, पुढच्या दोन उन्हाळ्यांत बरीच वाळली, आणि जी जगली त्यांत गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड जास्त आहे, कारण शेळ्या-मेंढ्या त्याला फारसे तोंड लावत नाहीत. आज तिथे पक्षी आहेत. सातभाई आहेत, बुलबुल आहेत. ते माझ्या परसातही आहेत. धाविक मात्र मला तिथे पुन्हा दिसला नाही.

हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, खाली लगेच कातळ. इथे मूळचे घनदाट जंगल होते आणि माणसाने ते तोडून माळ केला, असे धरून चालणे बरोबर नाही. कुसळ, पवना, मारवेल, डोंगरी ही गवते, मधूनमधून बोर, हिवर, तरवड, असाच या जमिनीचा स्वभाव आहे. गवत उन्हाळ्यात वाळलेले दिसते, पण त्याची मुळे जिवंत असतात, माती धरून ठेवतात, आणि हवेतला कार्बन ती जमिनीत साठवतात. वणवा लागला तरी हा साठा जमिनीखाली राहतो, हा कमी पावसाच्या प्रदेशात झाडांपेक्षा गवताचा मोठा फायदा आहे. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत सगळा माळ हिरवा होतो, त्यासाठी कोणालाही खड्डा खणावा लागत नाही.

तरीही सरकारी कागदावर ही जमीन पडीक आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि चराऊ कुरणे पडीक जमिनींच्या वर्गात मोडतात, आणि तिथून पुढे सगळे ठरत जाते. २००६ मध्ये नियोजन आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने गवताळ प्रदेश आणि वाळवंटे यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षावर सविस्तर अहवाल दिला होता. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१६ ते २०१९ या काळात, आपल्या राज्याने आधी २ कोटी, मग ४, मग १३ आणि शेवटी ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले. एवढी झाडे लावायला जागा हवी, आणि मोकळी जागा म्हटली की माळ. एखाद्या प्रकल्पात कोकणात किंवा विदर्भात जंगल गेले की त्याबदल्यात होणारे पर्यायी वनीकरणही अशाच जमिनी शोधते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटसाठी, म्हणजे झाडे लावण्यासारख्या कामांबद्दल गुण देण्याच्या योजनेसाठी, कार्यपद्धती जाहीर केली, तीत हेक्टरी किमान १,१०० झाडांची घनता धरली होती. आमच्या माळावर हेक्टरी १,१०० झाडे म्हणजे तिथला चिंकारा, लांडगा आणि धाविक यांना कायमचे हुसकणे. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. शहरात, गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी झाडे लावावीत, मीही लावते. पण माळावर लावू नयेत.

याची सर्वांत मोठी किंमत माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्याने मोजली आहे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. सुरुवातीला ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, त्यात गावे आणि शहरेही आली, लोकांचे व्यवहार अडले, वाद झाले आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. सीमा आखण्यात चूक होतीच. पण मधल्या काळात माळ फुटत गेला. कुठे ऊस आला, कुठे द्राक्ष, कुठे झाडोरा, कुठे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि वजन इतके की ऐनवेळी वळता येत नाही. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे आणि महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला आहे. नान्नजच्या माळावर माझ्या आधीच्या पिढीने माळढोकांचे थवे पाहिले. मला धाविकाबद्दल हेच वाक्य कधी लिहावे लागू नये.

हिवाळ्यात मध्य आशियातून, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून, भोवत्ये (हॅरियर) पक्षी येतात. दिवसभर गवतावरून हातभर उंचीने तरंगत नाकतोडे टिपतात आणि संध्याकाळी एकत्र जमून गवतातच, जमिनीवर झोपतात. त्यांना रात्र काढायला उंच गवताचा अखंड पट्टा लागतो. हे शिकारी पक्षी ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांवरूनही फिरतात, म्हणजे शेतकऱ्याचे फुकट काम करतात.

लांडग्याबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण तो प्रश्न नुसता वन्यजीवांचा नाही, धनगरांचाही आहे. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण तो राहतो अभयारण्याबाहेर, माळावर, मेंढरांच्या मागोमाग. आमच्याकडची अभयारण्ये किती लहान आहेत पाहा: सुप्याचे मयूरेश्वर सुमारे ५ चौरस किलोमीटर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचे रेहेकुरी सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. लांडग्याचा एक कळप एका रात्रीत याहून जास्त भटकतो. त्याने कोकरू नेले तर शासनाची नुकसानभरपाई आहे, चांगली तरतूद आहे. पण त्यासाठी ठरावीक मुदतीत कळवायचे, कर्मचारी येईपर्यंत मेलेले जनावर तिथेच ठेवायचे, पंचनामा व्हायची वाट पाहायची. ज्याचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, रोज पुढच्या गावाला जातो त्याने हे कसे करायचे? मला एका धनगर मामांनी सांगितले की ते दर वर्षी दोन-तीन कोकरे गमावतात आणि आजवर एकदाही अर्ज केलेला नाही. तरीही त्यांनी कधी विष घातले नाही. या माणसांच्या सहनशीलतेवर महाराष्ट्राचा लांडगा जगला आहे. मोबाइलवरचे छायाचित्र, ठिकाणाची नोंद आणि गावच्या पोलीस पाटलाचा दाखला एवढ्यावर भरपाई मिळेल अशी सुधारणा आपण करू शकता. त्याला नवा कायदा लागत नाही.

दुसरे संकट भटक्या कुत्र्यांचे. कुक्कुटपालनाच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या माळावर आणून टाकतात, त्यावर कुत्र्यांचे कळप वाढतात. ते धाविकाची अंडी खातात, चिंकाऱ्याच्या पाडसांमागे लागतात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरण्याची सक्ती ग्रामपंचायतींमार्फत झाली तरी बराच फरक पडेल.

आपल्या विभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ही मोठी गोष्ट आहे. माळ पाहण्यासारखा आहे, असे शासनाने पहिल्यांदा लोकांना सांगितले. स्थानिक मुलांना मार्गदर्शकाचे काम मिळाले. मात्र लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात बिळात असतात, आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. मोठ्या कॅमेऱ्यांच्या गाड्या बिळापर्यंत जाऊ नयेत, याची सक्त ताकीद हवी. त्याच विभागाने एका माळावर सफारी चालवायची आणि शेजारच्या माळावर खड्डे खणायचे, हे पुढे चालू राहू नये.

म्हणून माझी विनंती अशी की येत्या कार्य आयोजनांमध्ये, म्हणजे वनविभागाच्या कामाच्या आराखड्यांमध्ये, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातले माळ गवताळ परिसंस्था म्हणून वेगळे दाखवावेत आणि तिथे वृक्षलागवडीचे लक्ष्य शून्य ठेवावे. तिथल्या वनरक्षकाचे काम किती रोपे जगली यावर मोजू नये. किती गवत राखले, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा वेळेत काढल्या का, घरट्यांच्या काळात माळ शांत राहिला का, यावर मोजावे. चराई सरसकट बंद करू नये. गवताचे बी पडेपर्यंत एक पट्टा राखायचा आणि मग मोकळा करायचा, ही पाळी धनगरांना आणि गावकऱ्यांना समजते, ती त्यांच्याशी बसून ठरवता येते. सौर प्रकल्पांसाठी गायरानांची मागणी होते आहे. तो विषय आपल्या खात्याचा पूर्ण नाही, पण मंत्रिमंडळात माळाच्या बाजूने बोलणारे आपणच आहात. बंद पडलेल्या खाणी, कालव्यांचे काठ आणि शासकीय इमारतींची छपरे आधी घ्यावीत, असा आग्रह आपण धरावा.

आपण एकदा एप्रिलमध्ये इकडे यावे. सकाळी साडेपाचला माळावर पोचायला हवे, आणि दोनपेक्षा जास्त गाड्या नकोत. आठच्या सुमारास पखुर्ड्या पाण्यावर येतात, तोवर धाविक आणि चंडोल पाहून होतील. सत्काराची किंवा मंडपाची व्यवस्था आम्ही करणार नाही.

आपले येणे होवो न होवो, एक काम लगेच करण्यासारखे आहे. पुढच्या पावसाळ्याच्या लागवडीचे आराखडे मंजुरीसाठी येतील, तेव्हा त्यांतून माळांचे गट क्रमांक वगळावेत. आमच्या तीन तालुक्यांतल्या विणीच्या जागांची गावनिहाय यादी आम्ही पक्षीनिरीक्षक, शिक्षक आणि मेंढपाळ मिळून तयार करून देऊ. ती कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, एवढे कळवावे.

आपली,
इंदापूर तालुक्यातील एक पक्षीनिरीक्षक