धर्मशिक्षणाच्या वर्गातला मोबाइल

वसई, १४ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

धर्मशिक्षणाच्या अभ्यासक मेरी हेस यांच्या लिखाणात मला एवढे काय सापडले, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे चर्चच्या उपासनेत (मिस्सात) पवित्र भाकर पहिल्यांदाच घेणाऱ्या, मुलांची तयारी होती. पण त्या तयारीमुळेच आता मला नीट उत्तर देता येईल.

हेस स्वतः कॅथलिक. बोस्टन कॉलेजातून डॉक्टरेट घेऊन त्यांनी अमेरिकेतल्या सेंट पॉल येथील एका लुथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) सेमिनरीत, म्हणजे धर्मसेवक घडवणाऱ्या विद्यालयात, अध्यापन केले. ईश्वरविद्येच्या शिक्षणातील तंत्रज्ञानावरचे त्यांचे पुस्तक २००५ मध्ये आले. वर्गात कोणते यंत्र आणावे, या प्रश्नात त्या फारशा रमत नाहीत. डिजिटल संस्कृतीत अधिकार कोणाचा मानला जातो, अस्सल कशाला म्हणतात आणि कर्तेपण कोणाकडे जाते, हे त्यांचे खरे प्रश्न आहेत. अमेरिकन शिक्षणविचारवंत पार्कर पामर यांच्या मांडणीचा आधार घेऊन त्या सांगतात की, शिक्षकाने विषय आणि विद्यार्थी यांच्या मध्ये दारवानासारखे उभे न राहता, विषय मधोमध ठेवून सर्वांबरोबर त्याच्या भोवती बसावे. वीस वर्षे धर्माची ठरलेली प्रश्नोत्तरे पाठ करून घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना थोडे लागलेच.

म्हणून मुलांना घरातल्या कोणाची तरी श्रद्धेची गोष्ट दोन मिनिटांत मोबाइलवर टिपून आणायला सांगितले. बहुतेकांनी जपमाळेची प्रार्थनाच म्हणून आणली. एका मुलीने मात्र आळीतल्या क्रुसापाशी बसलेली आजी आणली होती. चित्रात चेहरा जवळजवळ नाहीच. अबोलीचा हार गुंफणारी बोटे, मागून स्कूटरचा हॉर्न, आणि आजीचा सावकाश आवाज: धाकटा मुलगा गेल्यावर वर्षभर मी प्रार्थना केली नाही, हार मात्र चुकवला नाही. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, मग त्या वर्षाचे हार देवाने घेतले का?"

प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. मला मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स आठवले. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या त्या पुराणाच्या आरंभी अशाच एका प्रश्नाची हकिकत आहे: आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे का देत नाही, असे श्रोत्याने पाद्रींना विचारले. ती पुराणे कोणी आणि कोणत्या बळावर बंद केली, हे विसरून चालणार नाही. पण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ ऐकणाऱ्याच्या प्रश्नातून निघाला, हेही खरे. हेस यांचे म्हणणे मला असे आपल्याच भाषेतून कळले.

एका बाबतीत मात्र मी जुनाच आहे. इंटरनेटवर संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद यांसारखे पवित्र विधी, होत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ मध्ये लिहिले, ते मला पटते. २०२० मध्ये टाळेबंदीत आम्ही मोबाइलसमोर मेणबत्ती लावून मिस्सा पाहिला आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हात रिकामेच राहिले, ते तूही अनुभवले आहेस. गोष्ट मोबाइलवरून पोहोचते, भाकर पोहोचत नाही.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारचा वायदा केला आहे. मुलीच्या आजीलाच वर्गात बोलवावे, असे मनात आहे. पण तिच्या दुःखाचा धडा होईल, ही भीती वाटते. तू काय केले असतेस, ते शनिवारपूर्वी कळव.

तुझा,
अंतोन