बहादूरचे चारशे रुपये

संपादक महोदय,

विकासनिधीवरचा आपला अग्रलेख वाचला. गरीब देशांच्या विकासासाठी पैसा उभा करण्यावर २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिच्यातून अमेरिका बाहेर पडली, याची आपली खंत रास्तच आहे. पण सगळंच काही अमेरिकेवाचून अडलेलं नाही. थोडं आमच्या कोपरखैरण्यातही अडलंय.

आमच्या सोसायटीचा रखवालदार नेपाळचा. (सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात. त्याचं नाव वेगळंच आहे, ते मलाही चार वर्षांनी कळलं.) पगार झाला की तो स्टेशनजवळच्या एका दुकानातून गावी दहा हजार रुपये पाठवतो. दुकानदार वर चारशे घेतो. पावती नाही, वहीत पेन्सिलीने आकडा. मी बँकेतून निवृत्त झालेला. आधी वाटलं, विनिमय दरात काही जात असेल. पण १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेलाच आहे. म्हणजे चारशे हे निव्वळ कमिशन, चार टक्के.

१९३ देशांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हेही आहे: स्थलांतरितांचा घरी पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आत आणायचा. असा पैसा जगात सर्वाधिक भारतातच येतो. २०२२ मध्ये तो १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. आखातातल्या आपल्या पोरांचं कमिशन कमी व्हावं, हे आपण हक्काने मागतो. नेपाळच्या बाबतीत मात्र कापणारे आपण आहोत.

आणि सोय नाही असंही नाही. एनईएफटीने नेपाळला पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना २००८ पासून आहे. २०२१ मध्ये तिची मर्यादा ५० हजारांवरून दोन लाखांवर नेली. मी त्याला घेऊन एका शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने योजनेचं नावही ऐकलं नव्हतं. तिने साहेबांना विचारलं, साहेब मान वर न करता म्हणाले, "मोबाइलवरून करा ना." बहादूरचा मोबाइल बटणांचा. पायऱ्या उतरताना तोच मला समजावू लागला, "रहने दो साहब, दुकानवाला पहचान का है।"

निदान वाशी-ठाण्याच्या शाखांत या योजनेचा एक फलक नेपाळीत लावावा. ती भाषा १९९२ पासून आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि लिपी देवनागरीच, तेव्हा रंगाऱ्यालाही अडचण येऊ नये.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, कोपरखैरणे, नवी मुंबई